भाऊंना ताप आलाय

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. समोरासमोर भांडले असते तर तुम्ही नेहमीसारखा चष्मा पुसत बसला असता आणि बोलून बोलून मीच थकले असते. धामणकर नाक्याच्या तुमच्याच ऑफिसात, तुमच्याच टेबलाशी बसले आहे. आज शुक्रवार, खालच्या कारखान्यातले लूम बंद आहेत, त्यामुळे पायाखालची फरशी हलत नाही. तुम्हाला ती हललेली आवडायची. लूम चालू असले की भिवंडीच्या घरात चूल पेटलेली असते, असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात. दाराबाहेर पाटीवर आता माझं नाव आहे. नावाच्या मध्ये तुमचं आहेच, तेही थोडं मोठ्या अक्षरात, कारण मतं अजून त्या मधल्या नावावरच पडतात.

कायद्याची परीक्षा देऊन मी याच टेबलाच्या डाव्या बाजूला बसायला लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. आजोबा सरपंच, मग पंचायत समितीचे सभापती; तुम्ही त्यांच्या जागेवरून सुरुवात केलीत आणि आमदार झालात, तेव्हा दुसऱ्यांदा निवडून आला होतात. शाळा सातवीपर्यंतची. लोकांचे अर्ज मी लिहायचे, मंत्रालयात जाणारी पत्रं मी लिहायचे, आणि सही करायच्या आधी तुम्ही प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत वाचायचात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतंत. एक म्हातारे चाचा उभे होते आणि मी मान खाली घालून त्यांचा अर्ज टाईप करत होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "चाचा, पहले बैठो," आणि मग माझ्याकडे वळलात. "कागद कुठं पलून जात न्हाय. मानसाच्या तोंडाकडं बघ आधी, मंग लिव." मी लाल झाले. पण त्या दिवसापासून आजपर्यंत मी कुणाचाही अर्ज त्याच्या तोंडाकडे न बघता घेतलेला नाही. म्हणून तर हा राग इतका मोठा आहे. ही गोष्ट मला तुम्हीच शिकवली होतीत.

त्याच वर्षी तुम्ही मला काळी स्कूटी घेऊन दिलीत. आई म्हणाली, मुलीच्या जातीला पाड्यापाड्यावर कशाला धाडताय? तुम्ही म्हणालात, "मी निवडणुकीला जातंय पाड्यावर, ही रोज जाईल." मी रोज गेले. हायवेला वडप्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत जे वारल्यांचे पाडे आहेत, तिथल्या बायका मला गाडीच्या आवाजावरून ओळखायला लागल्या. भातशेतीच्या जागी गोडाऊनं उभी राहायला लागली होती. या बायका तिथे जायच्या, खोक्यांना पट्ट्या चिकटवायच्या, संध्याकाळी परत यायच्या.

आणि मग त्यातल्या एका गोडाऊनची भिंत पडली. ओढा मुरूम टाकून बुजवला होता आणि त्यावर शेड ठोकली होती. भर पावसात ओढ्याने आपली वाट शोधली आणि मागची भिंत आत कोसळली. तीन बायका गेल्या. त्यातली एक एकोणीस वर्षांची. तिच्या आईला मी मावशी म्हणायचे, कारण पाड्यावर गेले की पहिलं पाणी तिच्याच घरी प्यायचे. मी पोचले तेव्हा ती चिखलात बसून लेकीच्या पायातली एकच चप्पल हातात धरून होती आणि दुसरी शोधा, दुसरी शोधा, एवढंच म्हणत होती.

तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. मला तो दिवस स्वच्छ आठवतो. तुमच्या पांढऱ्या लेंग्याला गुडघ्यापर्यंत चिखल. मालकाची माणसं छत्री धरायला पुढे आली तर तुम्ही छत्री हाताने बाजूला केलीत. मावशीसमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "मी हे विधानसभेत बोलनार. तुझ्या पोरीचं नाव तिथं घेनार." मावशीने विचारलं, "तिथं म्हंजे कुठं?" तुम्ही म्हणालात, "जिथं सगला महाराष्ट्र ऐकतो तिथं." तिने ते धरून ठेवलं. पोलीस केस पुढे सरकेना, ग्रामपंचायतीचा परवानगीचा कागद सापडेना, मालक एक दिवसही चौकीत बसला नाही. सगळ्या तालुक्यासारखी तीही तुम्हाला भाऊच म्हणायची, आणि या सगळ्यात मला दर वेळी एकच विचारायची, "बाय, भाऊ नाव कवा घेनार?"

विधानसभेच्या अधिवेशनासाठी लक्षवेधी सूचना मी लिहिली. चार वेळा लिहिली. ओढ्याचा गट नंबर, बुजवल्याची तक्रार कुणी कधी केली होती, भिंतीत कॉलमच नव्हता हे सगळं त्यात घातलं, आणि शेवटी तिघींची पूर्ण नावं. एका दुपारी तुम्ही ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून ती मोठ्याने वाचत होतात. 'निष्काळजीपणा' या शब्दाला तुम्ही दर वेळी अडखळायचात आणि मी उंबऱ्यात बसून हसायचे. सहाव्या वेळी तो शब्द नीट आला तेव्हा तुम्ही झोपाळा पायाने थांबवलात आणि म्हणालात, "बघ, जमला का न्हाय तुझ्या बापाला?" मला तेव्हा वाटलं होतं की याहून मोठा माणूस मला आयुष्यात भेटणार नाही. हे मी आज रागात लिहिते आहे, पण ते तेव्हा खरं होतं.

लक्षवेधी मंजूर झाली, कामकाजाच्या कागदावर छापून आली. मी मावशीला घेऊन मुंबईला गेले. ती पहिल्यांदाच मुंबईला येत होती. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. विधानभवनाच्या दारावर पोलिसांनी तिची पानाची पिशवी काढून ठेवली तर ती घाबरली, मी म्हटलं, परत मिळते. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. थंडी वाजते म्हणून तिने पदर अंगभर ओढून घेतला आणि माझ्या कानाशी विचारलं, "भाऊ कुठं बसतात?" मी तुमची जागा बोटाने दाखवली. बोट दाखवू नका, म्हणून तिथला माणूस रागावला. जागा रिकामी होती. मी म्हटलं, येतील. एक लक्षवेधी झाली, दुसरी झाली. मावशीची नजर त्या बाकावरून हलत नाही. मग अध्यक्षांनी आकडा वाचला, तुमचं नाव वाचलं. मान वर करून बघितलं. "सन्माननीय सदस्य सभागृहात उपस्थित नाहीत. पुढची लक्षवेधी." एवढंच. मंत्र्यांनी समोरचा कागद उलटा ठेवला आणि दुसरा घेतला.

मावशीने विचारलं, "भाऊंचं नाव घेतलं ना? आता बोलतील?"

मी म्हटलं, "मावशी, भाऊंना ताप आलाय."

कुठून आलं ते वाक्य, मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. ती लगेच उठली. "मंग चल, घरी जाऊ. मानूस आजारी हाय, आपन इथं बसून काय करायचं?" गॅलरीतून उतरून आम्ही व्हरांड्यात आलो आणि टोकाच्या केबिनचं दार उघडं होतं. आत तुम्ही होतात. हातात चहाचा कप. समोर साहेब, आपल्या जिल्ह्यातली सगळी तिकिटं ज्यांच्या हातून जायची ते. तुम्ही मान मागे टाकून हसत होतात. मग तुम्हाला मी दिसले. तुमचं हसणं थांबलं, पण तुम्ही उठला नाहीत. मावशी माझ्या डाव्या बाजूला होती. मी तिला खांद्याला धरून उजवीकडे वळवलं, "इकडून जिना आहे," असं म्हणून. जिना तिकडे नव्हता. आम्हाला उगाच पूर्ण इमारतीला वळसा घालावा लागला. तुम्हाला तिने पाहू नये म्हणून मी हे केलं, बाबा. तुमच्यावर इतका संताप आलेला असताना, मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तुम्हाला लपवलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण जेवत होतात. मी उभ्यानेच विचारलं, "का नाही आलात?" तुम्ही घास चावत राहिलात. आई म्हणाली, जेवू दे त्यांना. मी म्हटलं, ती बाई मुंबईपर्यंत आली होती. तेव्हा तुम्ही मान वर केलीत आणि जे बोललात ते मी कधीच विसरले नाही. "तू माझी लिवनारी हायस. बोलनारा मी हाय. कवा बोलायचं आनि कवा न्हाय, ते मी ठरवनार." मग आवाज उतरवून, "सगल्या गोष्टी सांगायच्या नसतात, पोरी. तुना पुढं समजंल."

पुढच्या आठवड्यात पाड्यावर गेले तेव्हा मावशीने विचारलं, भाऊंचा ताप उतरला का. मी म्हटलं, उतरला. "मंग वाचलं?" मी म्हटलं, वाचलं. "नाव घेतलं?" मी म्हटलं, घेतलं. तिने डोळे मिटले आणि मानेनेच हो केलं, आणि मला पाणी दिलं.

चार महिने मी तुमच्याशी बोलले नाही. ऑफिसात यायचे, अर्ज लिहायचे, सहीसाठी कागद तुमच्यासमोर सरकवायचे, एक शब्द नाही. आईला मध्ये घालून आपण निरोप द्यायचो. आणि मग एका सकाळी मी परातीत पीठ मळत होते, तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि परातीशेजारी एक कागद ठेवलात. जिल्हा परिषदेचा एबी फॉर्म. पक्षाची उमेदवारी. जागा महिलांसाठी राखीव झाली होती आणि सगळा तालुका धरून चालला होता की ती साहेबांच्या पुतणसुनेला जाणार. माझे हात पिठात. तुम्ही म्हणालात, "वरच्यांनी सोताहून नाव घेतलं तुझं. म्हनाले, पोरगी पाड्यापाड्यावर फिरते, तिलाच द्या. मी शब्द नाय टाकलेला. हे तुझ्या कामाचं हाय." मी पिठाच्या हातानेच डोळे पुसले. त्या सकाळी मी तुम्हाला माफ केलं. तुम्ही स्वतः चुकलात, पण माझं काम तुम्ही पाहिलंत, आणि ते माझं आहे असं कबूल केलंत, एवढं मला पुरलं.

त्या निवडणुकीत खारबावपासून डोंगरापर्यंत मी पायी फिरले. घराणेशाही म्हणून कुणी बोट दाखवलं की मी माईकवर सांगायचे, मला बापाने तिकीट दिलेलं नाही, माझ्या कामाने दिलंय. पाड्यांनी मला एकगठ्ठा मतं दिली. मावशीने स्वतः बायका गोळा केल्या. मग जिल्हा परिषदेत दोन वेळा, सभापती एकदा, आणि तुम्ही गेल्यावर तुमच्या जागेवर विधानसभा. तुमच्या शोकसभेत मी म्हटलं होतं की बाबांनी मला काही दिलं नाही, फक्त मार्गातून बाजूला झाले. लोक रडले होते. ते वाक्य वर्तमानपत्रात आलं होतं, आईने कापून ठेवलं आहे.

गेल्या महिन्यात मी साहेबांना भेटायला गेले. ते आता अंथरुणाला खिळले आहेत, माणसं ओळखतात पण काळ मागेपुढे होतो. मला बघून खूश झाले. मला जवळ बसवून तुमची स्तुती करायला लागले. "तुझा बाप, मोठा खेळाडू. ती गोडाऊनची लक्षवेधी आठवते का तुला? मालक आपलाच माणूस होता. मी तुझ्या बापाला केबिनमध्ये बोलावलं, म्हटलं, भाऊ, एवढी जाऊ दे. मला वाटलं, स्वतःसाठी काहीतरी मागेल. महामंडळ मागेल. तर म्हणाला, जाऊ देतो, पण जिल्हा परिषदेला माझ्या पोरीचं नाव. मी म्हटलं, ती जागा घरात कबूल केली आहे. तर हा उठेना. दोन तास बसला माझ्यासमोर. बाहेर त्याचा नंबर पुकारला, तरी हलला नाही. शेवटी दिलं मी. असा बाप पाहिजे!" आणि माझ्या हातावर थोपटत राहिले. त्यांच्या मते ते मला भेट देत होते. सुनेने आणलेला चहा मी संपवला, नमस्कार केला, खाली आले आणि गाडीत बसून राहिले.

बाबा, तुम्ही न बोलण्याची किंमत घेतलीत हे मला तेव्हाही कळलं होतं. कुणीतरी दबाव टाकला असेल, तुमचं तिकीट अडवलं असेल, असं मी धरून चालले होते. तशी माणसं मी या धंद्यात शेकड्याने पाहिली, त्यांचा मला रागही येत नाही. पण ती किंमत मी होते. तीन बायकांची नावं तुम्ही तिथे ठेवलीत आणि माझं नाव घेऊन घरी आलात, आणि ते माझ्या परातीशेजारी ठेवताना म्हणालात की हे तुझ्या कामाचं आहे. पंचवीस वर्षं मी त्याच एका वाक्यावर उभी आहे. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मी तो कागद चुलीत घातला असता. असं मी गाडीत बसून स्वतःला सांगत होते. मग आठवलं की तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, आणि मला ती जागा किती हवी होती. मला हवी होती हे तुम्हाला माहीत होतं. मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण तुम्ही माणसाच्या तोंडाकडे बघायचात.

काल पाड्यावर गेले. गाडी हायवेला लावली आणि चालत गेले, कारण आत दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे असतात. ते गोडाऊन पुन्हा बांधलंय, आता तिप्पट आहे. मावशी अंगणात वाल सोलत बसली होती. डोळ्यांनी कमी दिसतं तिला, पण पावलं ओळखली. "बाय आली," म्हणाली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, मावशी, तेव्हा मुंबईला भाऊंना ताप आला नव्हता. ते तिथेच होते, बाजूच्या खोलीत. ते बोलायला आले नाहीत. नंतरही कधी वाचलं नाही त्यांनी. मी खोटं सांगितलं होतं तुला.

ती वाल सोलत राहिली. मग म्हणाली, "ताप नव्हता?"

"नव्हता."

"मी कोंबडा बोलली होती देवाला. भाऊ बरा होऊ दे म्हनून. तू सांगितलास उतरला, तवा फेडला नवस." हातातला वाल तिने सुपात टाकला. "चांगला मोठा कोंबडा होता."

मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल. मी शिव्या खायला तयार होऊन गेले होते. तिने सुपातले वाल हाताने सारखे केले आणि विचारलं, "म्हंजे माज्या पोरीचं नाव तिथं कुनी घेतलंच न्हाय?"

"नाही, मावशी."

"आता तू हायस ना तिथं?"

"हो."

"मंग तू घे. मला सांगायला येऊ नको घेतलं म्हनून. मी येनार. तिथं बसनार, आनि ऐकनार."

मी हो म्हणाले. पुढच्या महिन्यात अधिवेशन आहे, तिचा पास काढायला सांगितला आहे, आणि कुणीही केबिनमध्ये बोलावलं तरी त्या दिवशी मी बाकावरून उठणार नाही. हे करीन, बाबा. तुम्हाला वाचून दाखवावं असं काही असेल तर इतकंच आहे. हा कागद मी कुठे ठेवणार नाही आणि आईलाही दाखवणार नाही. तुमच्या फोटोमागे खोचायचा विचार आला होता, पण तिथे झाडणारी बाई हात घालते.

एक राहिलं. काल अंगणातून उठताना मावशीने मला विचारलं होतं, "भाऊ का न्हाय बोलले, बाय? त्यांना काय भेटलं त्याच्यात?" ती तोंड वर करून माझ्याकडे बघत होती, जेवढं दिसत होतं तेवढं. पाच महिन्यांवर निवडणूक आहे आणि पाड्यांची मतं गेली तर माझी जागा जाते. मी म्हटलं, "माहीत नाही, मावशी."